मास्तरांची काढून टाकलेली भूक

थर्मासमध्ये गाळलेलं सूप भरून मास्तरीणबाई दुपारी वॉर्डात आल्या, तेव्हा त्यांचे यजमान, टेलरमास्तर, डोळे मिटून पडले होते. पलीकडची खाट रिकामी होती. पडदे ओढलेले, औषधांचा उग्र वास, आणि कुठल्याशा मशीनची एकसारखी टिकटिक.

वजन उतरावं म्हणून रोबोटनं ऑपरेशन करून मास्तरांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. हे सगळं त्यांनी कशापायी केलं, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. भाचीच्या लग्नात मास्तरांखालची खुर्ची मोडली, तेव्हा चारचौघांत सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या बाईच. त्या हसण्याची त्यांना अजून लाज वाटे. म्हणूनच ऑपरेशननंतर घरी आल्यावर मास्तर केविलवाण्या तोंडानं म्हणाले, "अगं, नुसत्या पाण्यावर किती दिवस काढू?" तेव्हा त्यांना राहवेना. टोस्टचा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं भरवला. "एवढ्याशानं काय होतंय?" म्हणत दुसराही.

मग खांदा दुखू लागला, ताप चढला. ऑपरेशननंतर गॅसमुळे खांदा दुखतो, असं त्यांनी ऐकलं होतं. त्याच आडोशाला बाई दोन दिवस लपल्या. दवाखान्यात गेलं की टोस्टचं बिंग फुटणार होतं. शेवटी ताप उतरेचना, तेव्हा आज सकाळी मास्तरांना पुन्हा इथं आणावंच लागलं.

"घट्ट काही खाल्लंय का यांनी?" सिस्टरनं नाडी बघत विचारलं. "फार पळतेय. रोबोटनं केलं म्हणून काय झालं, आतली शिवण कधीकधी उसवते. खरं सांगा हं."

"छे हो! पाण्याशिवाय काही नाही."

उसवणं म्हणजे काय, ते शिंप्याच्या बायकोला समजावून सांगावं लागत नाही. तरी खरं बोलायला जीभ रेटली नाही.

सिस्टर गेली, आणि तो आवाज सुरू झाला. कुरुम... कुरुम... कोणीतरी सावकाश टोस्ट चावत होतं. मास्तरांचे ओठ मिटलेले होते. बाईंनी धीर करून पलीकडचा पडदा सारला. खाट रिकामीच, चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. वास मात्र भाजलेल्या पावाचा. आणि अगदी कानाशी, मास्तरांच्याच आवाजात, पण ओलसर...

"अजून..."

"अहो... तुम्ही बोललात?"

मास्तरांनी डोळे उघडले. ते पाण्यानं भरले होते. "मी नाही गं... ते. घरापासून मागं लागलंय. भरवू नकोस त्याला..."

बाई अनवाणीच धावत सुटल्या. भर कॉरिडॉरमध्ये ओरडल्या, "मी भरवलं! टोस्ट मी भरवला, आणि दोन दिवस लपवलं!" लोक वळून बघू लागले. लग्नात मास्तरांकडे बघत होते, तसेच.

शिवण खरंच सुटली होती. पुन्हा पोट उघडावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर मास्तर हाती लागले नसते, असं सर्जन म्हणाले. "टोस्टनंच झालं असं नाही. न खाताही होतं कधीकधी. पण लपवायला नको होतं." बाईंची मान वर झाली नाही.

आता मास्तर वाटीभर सूप घेतात आणि तृप्त होऊन उठतात. ते आत गेले, की त्यांची रिकामी खुर्ची करकरते, कोणी जड माणूस टेकल्यासारखी. बाई वर बघत नाहीत. आपल्या ताटातला एक घास निमूटपणे पलीकडे सरकवतात. मास्तरांना हे सांगायला त्यांची जीभ रेटत नाही.

एकदाच त्यांनी घास सरकवला नव्हता. त्या दिवशी मास्तरांचा खांदा पुन्हा दुखू लागला.