सोबत थांबणारी व्यक्ती

"डोस्कं पाह्याचं हाय त जोडवे काऊन काढा? उद्या म्हनतीन, दात बी पिशवीत ठेवा!"

बाकावर बसलेली केसरबाई नावाची म्हातारी शेजारणीच्या कानाशी लागून कुरकुरत होती. पण दाराआड उभ्या असलेल्या संघप्रियाला शब्द न् शब्द ऐकू आला. ती बाहेर आली. "जोडवे राहू द्या, आजी. कानातलं तेवढं काढा. आणि दात लावलेले असतील तर तेही."

"पाह्य! म्हनलं नोतं मी?"

सगळा बाक हसला. संघप्रियाही हसली. हसायला ती विसरली नव्हती. त्या वर्षी जरा कमी हसायची, इतकंच.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत, भांड्यांच्या दुकानाशेजारी हे सेंटर होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद. बाहेर ऑटोंची चेंगराचेंगरी आणि कोळशाची बारीक काळी धूळ. आत मशीनच्या खोलीत एवढी थंडी, की मे महिन्यातही स्वेटर लागावा. सोळा वर्षं संघप्रिया तिथे सीटी मशीन चालवत होती. शिवाय कागदोपत्री ती सेंटरची किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होती. परीक्षा देऊन मिळवलं होतं तिने ते. तिच्या बाबांनी तो कागद काचेत घालून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला होता, आणि रोज घरातून निघताना तिची नजर आधी तसबिरीवर जायची, मग नाइलाजाने खालच्या कागदावर.

नाइलाजाने, कारण सेंटरमधली एक रीत.

प्रत्येक तपासणीआधी फॉर्म भरावा लागे. त्यात विचारलेलं असे, बाई गरोदर आहे का. त्याखाली 'सोबत थांबणारी व्यक्ती' असा मथळा: पेशंटला धरायला आत कोणी थांबलं तर त्याला शिशाचा एप्रन दिला का, आणि ती व्यक्ती गरोदर आहे का. फार वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोरीला संघप्रियाने हा प्रश्न भावासमोर विचारला, तर भावाने टेबल उलथवलं होतं. तेव्हापासून सेंटरने तोडगा काढला. विचारायचंच नाही. रोज सकाळी चहा निवेपर्यंत संघप्रिया तीस कोरे फॉर्म पुढे ओढायची आणि सगळ्यांवर आधीच खुणा करून ठेवायची. नाही, हो, नाही. पेशंट येई, सही नाहीतर अंगठा देई. कुणाला अडचण नाही, कुणाला लाज नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी एटापल्लीकडून रंजीता आली. अडीच वर्षांची मुलगी कडेवर, मागे सासू, सोमारी. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली होती आणि पोरीच्या डोक्याला मार बसला होता. पोरगी मशीनच्या टेबलावर पडेना. दोनदा चित्र काढलं, दोन्ही वेळा धुकं. गुंगी देणारे डॉक्टर फक्त बुधवारी यायचे. एकुलता एक एप्रन शेजारच्या हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशनला गेला होता. सेंटरचे मालक डॉ. अश्विन दारातून म्हणाले, "आईला धरू द्या ना, ताई. किती वेळ लागतो?"

रंजीता पुढे झाली. मग थबकली. "बाई, मी बाहीर थांबली त चालन का? मले..."

तिने मागे दारात उभ्या सासूकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. पण डावा हात पदराखाली पोटावर गेला, आणि दाराला कडी लावावी तसा तिथेच ठेवला गेला.

संघप्रियाने तो हात पाहिला. तिच्या हातातल्या फॉर्मवर सकाळचंच उत्तर होतं.

"धर तिचं डोकं," ती म्हणाली. "हलू देऊ नको. वीस सेकंद."

आणि काचेपलीकडे जाऊन तिने बटण दाबलं.

चित्र स्वच्छ आलं. पोरीचं डोकं शाबूत होतं. कवटीच्या दोन्ही अंगांना रंजीताच्या बोटांची हाडं दिसत होती, चार इकडे, चार तिकडे, पांढरे ठिपके. आणि एका ठिपक्याभोवती अंगठीच्या धातूची चांदणी. त्यांना परतीची बस मिळाली. जाताना सोमारीने संघप्रियाच्या हातावर मोहफुलांचा लाडू ठेवला.

एवढ्याशा किरणांनी बहुधा काही होत नाही, असं पुस्तकात आहे. संघप्रियाने पुस्तक त्या आठवड्यात तीनदा उघडलं. दिसत असूनही न विचारणाऱ्या बाईचं काय करावं, ते पुस्तकात नव्हतं.

शुक्रवारी मुखरू नावाचे एक म्हातारे चक्कर येते म्हणून आले. त्यांचे हात तिने स्वतः पट्ट्यांनी छातीवर बांधले. आत दुसरं कोणी नव्हतं. चित्र आलं, आणि कवटीच्या दोन्ही अंगांना पांढरे ठिपके होते. चार इकडे, चार तिकडे. एकाभोवती चांदणी.

तिला वाटलं, जुनंच चित्र राहिलं असेल. तिने सगळं पुसून मशीन बंद करून चालू केलं. तोवर मुखरू चपला शोधत होते.

"चांगली पोरगी ठेवली तुमी, बाई," ते म्हणाले. "मले भेव लागून राह्यलं होतं. तिनं डोस्कं धरलं त बरं वाटलं. हात गरम होते तिचे."

"कोणाचे, आजोबा?"

मुखरूंनी तिच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे, आणि चपला घालून निघून गेले.

नागपूरहून इंजिनिअर आला. सेंटर बंद असतं म्हणून त्याने रविवार निवडला. मशीन तपासायला सेंटरमध्येच असायचं ते पाण्याने भरलेलं गोल भांडं टेबलावर ठेवून त्याने दिवसभर चित्रं काढली. एकाही चित्रात काही नाही. "मॅडम, पेशंटनंच हात वर केले असतीन," असं म्हणून तो निघून गेला. सोमवारी पहिल्याच पेशंटला बोटं परत आली.

डॉ. अश्विननी पडद्याकडे नजर टाकली. नजर काढून घ्यायला त्यांना किंचित उशीर लागला. "चित्राची चौकट लहान करा ना, ताई. आपल्याला डोकंच हवं आहे." मग तिने चौकट लहान केली. रिपोर्टांमधून बोटं गेली.

एक गोष्ट मात्र झाली. पेशंट हलेनासे झाले. लहान पोरं, दारूच्या नशेतले बाप्ये, झटके येणारे, सगळे त्या टेबलावर शांत पडू लागले. महिनोन्‌महिने एकही चित्र दुसऱ्यांदा काढावं लागलं नाही. डॉक्टर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या ताईंचा हात बसला आहे. संघप्रिया तेव्हा काहीतरी शोधायला कपाटाकडे वळायची.

झाडलोट करणारी गिरजाबाई एकदा म्हणाली, "मॅडम, डोस्क्याखालची उशी दोन्ही बाजूनं गरम लागते. इतक्या थंडीत." गिरजाबाई त्या दिवसापासून उशी ओल्या फडक्याने न पुसता पदराने पुसू लागली.

सप्टेंबरात परवान्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. वर्षभरात पेशंटसोबत आत कोण थांबलं, त्याला एप्रन दिला का, त्याची नोंदवही सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीने सोमवारी पाठवायची होती. डॉक्टरांनी नोंदवही स्वतः भरून आणली. जानेवारीतल्या त्या ओळीवरही लिहिलं होतं, एप्रन दिला. गरोदर नाही.

"खरं लिहिलं तर परवाना अडकतो, ताई. तुमचं सर्टिफिकेटही. आणि झालं तर काहीच नाही ना कुणाला?"

"ते कुठे माहीत आहे आपल्याला, सर?"

"म्हणूनच म्हणतो. सही करा."

शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं. दार लावलं. बऱ्याच महिन्यांनी चौकट पूर्ण मोठी केली. काचेपलीकडून खोली नीट पाहून घेतली. टेबल. भांडं. बाकी कोणी नाही.

बटण दाबलं.

आठ ठिपके.

अंगठीची चांदणी.

आणि डाव्या हाताच्या एका बोटाला बिलगून आणखी काही ठिपके होते. अगदी बारीक. जवसाच्या दाण्याएवढे. तिने मोजले.

चार.

त्या मोठ्या बोटाभोवती ते वळले होते. कोणीतरी ते बोट मुठीत घट्ट धरलं होतं.

तिने पडदा बंद केला. नोंदवही पिशवीत घातली, बिनसहीची.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ती निघाली. गोंडपिपरी, आष्टी, मग आलापल्लीचं सागाचं जंगल. तिथून पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग आणि लाल चिखल. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा खालून लाल. फॉर्मवरचं गाव एटापल्लीच्याही पुढे निघालं. पोहोचली तेव्हा बारा वाजून गेले होते.

अंगणात रंजीताची थोरली कोंबडीमागे धावत होती. रंजीता ओट्यावर बसली होती, मांडीत दीड महिन्याचं बाळ. तिने ओळखलं आणि पदर सावरला.

"सीटीवाल्या बाई ना? पोरीच्या डोस्क्याचं काही राह्यलं का?"

"नाही गं. तिचं सगळं ठीक आहे. मी सहज..."

"सहज कोनी इतक्या दूर येते का?" सोमारी आतून हसली. "बसा. चहा ठेवतो. बिनदुधाचा चालन ना?"

संघप्रिया बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली. "बाळ बरं आहे?"

"बरं हाय. दूध पिते, झोपते." रंजीता बाळाच्या कपाळावरची माशी उडवत म्हणाली. "फकत हात."

"हाताचं काय?"

"थंडे पडतेत. माह्ये त जानेवारीपासूनच. ही झाली, आता हिचे बी. सकाळी दहा वाजले का बर्फावानी. सहाला येतेत आपले आपले गरम. नर्सबाई म्हने, रगत कमी हाय. गोळ्या देल्ल्या, खाल्ल्या."

संघप्रियाने न राहवून बोट पुढे केलं. बाळाने ते लगेच मुठीत धरलं. मूठ ऊबदार होती.

"आता तर गरम आहेत," ती म्हणाली.

"आज आइतवार हाय ना," सोमारी चुलीपासून म्हणाली. "आइतवारी नाई पडत."

चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला. बाळाची पकड सुटेना, आणि संघप्रियाने ती सोडवायचा प्रयत्नही केला नाही. सोळा वर्षांत कित्येक बायका तिच्यासमोर अशा अर्ध्या वाक्यावर थांबल्या होत्या, आणि ते वाक्य कधी पुरं होऊ नये म्हणून ती रोज सकाळी पेन घेऊन बसत होती.

"रंजीता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "त्या दिवशी तुझा हात पोटावर गेला. मले दिसलं होतं. दिसलं होतं, तरी मी तुले विचारलं नाई."