स्वखुशीने दिलेली शिफारस

दुपारी एक रुग्णवाहिका मगदूम अपघात रुग्णालयाच्या फाटकासमोरून गेली. थांबली नाही.

आत कोणीतरी ओरडत होतं. गाडीला चालक नव्हता. चालक जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. शोधक सांगेल तिकडं गाड्या जात. शोधक हे जुन्या शोधयंत्राचंच वाढलेलं रूप. पूर्वी तो माणसाला पत्ते दाखवायचा, आता माणसालाच उचलून पत्त्यावर नेऊन टाकायचा. कोणता पत्ता वर, कोणता खाली, हे तो दुव्यांवरून ठरवी. एका संकेतस्थळानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं की झाला दुवा. दुवा म्हणजे शिफारस.

डॉ. भूपाल मगदूम पायरीवर उभा होता. मागं शस्त्रक्रियागृह सज्ज होतं. शोधकाच्या नकाशावर मात्र इथं मोकळी जागा होती.

"कालच्या त्या पोराचा पाय वाचला असता," पद्मजा म्हणाली. ती त्याची बायको, आणि इथली सर्जनही. "पुलापलीकडं पोचेपर्यंत संपलं सगळं. अहो, एकदाचं लिहून द्या ना शोधकाला. दुवे विकत घेतले, चूक झाली. नकाशावरून पुसल्याचा दंड उठवतात म्हणे."

"लिहून देऊ? साऱ्या मिरजेला वाचायला?"

तो स्कूटरवर बसला.

*

दुवे विकणारा: मुनीर बारगीर.
जागा: सतारीच्या कारखान्याचा माळा. खाली बापाचे भोपळे वाळत पडलेले, वर मुलाचे संगणक.
हत्यार: दाराशी टेकून ठेवलेली सतारीची कच्ची दांडी. ते ठरलेलं नव्हतं. हाताला लागली.

*

"शोधकाला कळलं कसं?"

पहिला फटका मांडीवर. हाड कुठं मोडतं आणि कुठं नुसतं दुखतं, हे मिरजेत भूपालइतकं कोणाला ठाऊक असणार?

"डॉक्टर, बसून बोलू की—"

दुसरा.

"एकच वाक्य! सगळीकडं एकच वाक्य, म्हणून कळलं."

हाडं जोडावीत तर मगदूमांनीच.

हाडं जोडावीत तर मगदूमांनीच. लोणच्याच्या पाककृतीखाली.
हाडं जोडावीत तर मगदूमांनीच. मोटार वाइंडिंगच्या पानावर.
हाडं जोडावीत तर मगदूमांनीच. वधूवर मंडळाच्या तळाशी.

"मी म्हणलो नव्हतो? वाक्यं बदलू, हळूहळू टाकू. तुम्ही म्हणला, फ्लेक्स कसे लागतात चौकाचौकात? एकच फोटो, एकच ओळ. मतदाराच्या डोक्यात बसलं पाहिजे. शोधक मतदार आहे व्हय, डॉक्टर?"

भूपालचे वडील दोनदा नगरसेवक झाले होते, ते अशाच फ्लेक्सवर.

तिसरा फटका मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज भूपालनं ओळखला. त्यानं एरवी असं मनगट हळुवार ओढून जागेवर बसवलं असतं.

मुनीर माळ्याच्या कठड्याला सरकला. आता तो न विचारता बोलत होता, धापा टाकत, तुकड्यातुकड्यांत. लोणचं बघायला आलेला माणूस हाडाचा दुवा उघडत नाही. कोणीच उघडत नाही, तर तो दुवा कशाला? मग शोधक दुवा देणाऱ्याकडं बघतो. तेच पान औषधाचं, जुगाराचं, टाइल्सचं, सगळ्यांचंच नाव घेतंय. मग त्याची भावंडं शोधतो. सगळी एकाच माळ्यावरनं निघालेली. "शेजारी 'जाहिरात' अशी खूण घातली असती, तर दंडच नव्हता. शिफारशीचं वजन मिळालं नसतं, पण दंड नव्हता. तुम्हालाच नको होती खूण."

"काढ ते सगळे."

"काढतोय की सकाळपासनं. पण नुसते काढून भागत नाही. कबुली लागते तुमची." त्यानं तुटका हात छातीशी धरला. "मूठभर खरे दुवे होते तुमचे. माझ्या आईनं पण दिला होता. तेही बुडाले ह्या कचऱ्यात. नाव तुम्हीच घालवलंत, डॉक्टर."

चौथा फटका भूपालनं मोजून मारला नाही.

डाव्या बरगडीखाली बसला. मुनीर कठड्यावरून मागं कोसळला, खाली भोपळ्यांवर. भोपळे फुटत गेले, एकामागून एक, पोकळ, मोठ्यानं.



*

भूपाल खाली उतरला तेव्हा मुनीरचा चेहरा राखेसारखा झाला होता. अंगाला गार घाम.

"खांदा दुखतोय," मुनीर म्हणाला. "डावा. खांद्यावर तर मारलं नाही तुम्ही."

भूपालनं त्याचं पोट चाचपलं. पोटात प्लीहा फुटली की वेदना खांद्यात येते. आत रक्त साचत होतं. वेळ होता, पण पुलापलीकडं जाण्याइतका नाही.

रुग्णवाहिका बोलवण्यावाचून पर्याय नव्हता. ती आली, तिनं दोघांना आत घेतलं, दारं लावली.

"विश्वासार्ह रुग्णालय पुलापलीकडे आहे," गाडी म्हणाली.

"मगदूम अपघात रुग्णालय. पुढच्या वळणावर. वळव गाडी."

"या नावाची ग्राह्य शिफारस आढळत नाही."

"मी देतो! मी डॉक्टर आहे तिथला."

"स्वतःची शिफारस धरली जात नाही."

भूपालनं दारावर मूठ मारली, मग लाथ. दार तसंच. "आणि रुग्णानं दिली तर?"

"चालेल. विकत घेतलेली किंवा दबावाखाली नसावी."

तो मुनीरच्या कानाशी वाकला. "मुनीर. बोल. तुझ्यासाठी बोल."

मुनीरनं डोळे उघडले. ओठाचा एक कोपरा हलला.

"कुठलं वाक्य म्हणू, डॉक्टर?"

भूपालनं हाताला लागलं ते मनगट धरलं.

"माझ्या आईचा खुबा," मुनीर हळू म्हणाला, गाडीच्या छताकडं बघत. "पद्मजाताईंनी बसवला. रोज घरी येऊन तिला धरून चालवायच्या. आता एकटी बाजारात जाते. मला तिथं न्या."

गाडीचा वेग कमी झाला. काचेतून फाटक दिसू लागलं. पायरीवर पद्मजा उभी होती, हातात मोजे.

"आवाजात भीती आढळते," गाडी म्हणाली. "शेजारील व्यक्तीपासून तुम्हाला धोका आहे का? ही शिफारस तुम्ही स्वखुशीने देत आहात का?"

भूपालच्या ध्यानात आलं, मुनीरचं तुटकं मनगट अजून त्याच्याच मुठीत होतं. त्यानं मूठ सोडली.

मुनीर छताकडं बघत नव्हता आता. तो भूपालकडं बघत होता.

"कृपया उत्तर द्या," गाडी म्हणाली. "स्वखुशीने?"