मागच्या सीटवरची बेल

एक होता वायरमन, एक होती त्याची बायको आणि एक होती त्याची आई. तिघांत मिळून खोली एकच, पण त्या खोलीत हसणं एवढं, की शेजारी भिंत ठोकायचे. वायरमन अंगानं नुसती काडी, बायको जिभेनं तिखट, आणि आई म्हणजे दोघांच्या जागेत एकटी बसणारी भरभक्कम बाई. वायरमननं कुणाचीही गाडी दुरुस्त केली, की तो आईला मागं बसवून एक फेरी मारायचा. आईला घेऊन चढ चढली, तर गाडी पास. बाकीचे कारागीर वाळूची पोती ठेवत, ह्याच्याकडे आई होती. तीही हौसेनं केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन, सहलीला निघाल्यासारखी बसायची.

गावाबाहेर टेकडीवर आजारातून उठलेल्यांसाठी एक विश्रामगृह होतं. फाटक खाली, इमारत वर, मधे हिरवळीतून जाणारा लांब चढ. रोग्यांना वर न्यायला तिथं एक बॅटरीवरची गाडी ठेवलेली. मुळात गोल्फ खेळणाऱ्यांची, कुणीतरी जुनी म्हणून देऊन टाकलेली. तिच्यात पुढचे दोघं पुढं बघणार आणि मागचे दोघं मागं. आवाज म्हणाल तर मांजरीच्या पावलाएवढा. पण ती गाडी अर्ध्या चढावर, कुलूप लावलेल्या जुन्या वॉर्डाजवळच्या वळणावर, हटकून बंद पडायची. दोन मिस्त्री हात टेकून गेले होते.

तिथल्या मॅनेजरबाईंनी वायरमनला बोलावून सांगितलं, की गाडी रोग्यांना घेऊन नीट वर यायला लागली, तर कायमची नोकरी आणि वरच राहायला घर. नाही लागली तर? तर बंदरावरचं काम त्याची वाटच बघत होतं. समुद्रापलीकडे जायचं आणि वर्षावर्षानं घरी यायचं. त्याची बॅग कोपऱ्यात अर्धी भरून ठेवलेली होती. त्या कोपऱ्याकडे घरातलं कुणी बघायचं नाही, की त्याच्याबद्दल बोलायचं नाही.

वायरमननं गाडीची सीट उचलली आणि कपाळाला हात लावला. बॅटऱ्यांच्या टोकांवर हिरवी बुरशी, तारा शेवयांसारख्या बारीक, आणि दिव्यांसाठी सगळा करंट काढलेला दोनच बॅटऱ्यांतून. त्या दोन बिचाऱ्या आधी मरायच्या आणि बाकीच्यांना घेऊन बुडायच्या. बायकोनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, की ह्या दोघी तिच्या माहेरच्या दिसतात, सगळ्या घराचं ह्यांनीच ओढायचं.

त्यानं जुन्या बॅटऱ्या काढून हलकी, नव्या पद्धतीची एकच मोठी बॅटरी बसवली. अंगठ्याएवढ्या जाड तारा टाकल्या. करंट जोडणारा स्विच आतून जळला होता, तो बदलला. मोटरला करंट मोजून देणारा डबा बदलला, दिव्यांना वेगळी वाट करून दिली आणि समोर काट्याचं मीटर लावलं, गाडी किती करंट ओढते ते दिसायला. आणि त्याचा एक नेम होता, ज्या तारेला काम नाही ती गाडीत ठेवायची नाही. मागच्या सीटच्या धरायच्या दांडीतून अशीच एक तार निघून पुढं एका मुक्या बेलला जात होती. त्यानं तार उपटली, बेल काढली आणि दोन्ही भंगाराच्या पेटीत टाकली. चाकं अधांतरी उचलून गाडी फिरवून बघितली, तर अशी गुणगुणली की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मागं बसवून तो निघाला. धुकं एवढं उतरलेलं, की हिरवळ गेली, झाडं गेली, रस्ता तेवढा चाकापुरता उरला. ओल्या खडीवर टायरांचा चुरचुर आवाज आणि मागं आईचं गुणगुणणं. मीटरचा काटा आईच्या वजनाला जिथं असायला हवा तिथंच उभा होता.

फाटकापासून थोडं पुढं गेल्यावर काटा चढला. रस्ता तर अजून सपाट. वायरमननं हसत विचारलं, की रात्री कितीदा जेवलीस. आई एरवी ह्यावर दहा वाक्यं बोलली असती. आज तिचं गुणगुणणंही थांबलं होतं. धुक्यात वास यायला लागला, धुतलेल्या चादरींचा आणि औषधाचा... गार, ओला वास.

मग आई हळूच म्हणाली, "अरे... जरा सावकाश घे. ह्या बाई पडतील."

"कोण बाई?"

"माझ्या शेजारच्या..."

त्यानं आरशात बघितलं. आई एकटीच होती. पण जिनं जन्मात कुणाला जागा दिली नाही, ती आई सीटच्या काठाला अंग चोरून बसली होती, आणि अर्धी सीट मोकळी सोडली होती.

वळण आलं आणि गाडी थांबली. वायरमन उतरला. ब्रेक मोकळे, तारा गार, बॅटरी भरलेली. खांदा लावून ढकलली तर गाडी तसूभर हलेना, जणू मागून कुणी धरून ठेवली होती. तो मागं आला. आईच्या शेजारची गादी खोल दबलेली होती, आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

आई ओठ न हलवल्यासारखी बोलली. "ती दांडीला अंगठा दाबतेय बघ... सारखी दाबतेय. आणि माझ्याकडे बघतेय."

बऱ्याच वेळानं ती गादी हळूहळू वर आली. कुलूपबंद वॉर्डाच्या बाजूनं चादर झटकल्यासारखा आवाज आला, आणि गाडी कुणी न ढकलता हातभर पुढं सरकली.

घरी येऊन त्यानं बॅग उघडली आणि राहिलेले कपडे भरायला घेतले. म्हणाला, आपल्याला बंदरच बरं. बायकोनं सासूला सगळं पुन्हा विचारून घेतलं. बाई कशी होती, कुठं दाबत होती, दमदाटी केली का. सासू म्हणाली, छे गं, बिचारी अगदी घरंदाज होती, नुसती अवघडून गेली होती.

मग बायको नवऱ्याच्या हातातला सदरा काढून घेत म्हणाली, "अहो, तिला उतरायचंय. ती सांगतेय आणि तुम्ही थांबत नाही. मीसुद्धा गाडी धरून ठेवली असती."

वायरमनला ती दांडी आठवली. दांडीला जिथं अंगठा म्हणे दाबला जात होता, तिथं एक भोक होतं. त्याच भोकातून त्यानं ती तार उपटली होती. त्याच्या आधीच्या कुणीतरी तिथलं बटण काढून टाकलं असणार. तो भंगाराच्या पेटीत कोपरापर्यंत घुसला. तार आणि बेल मिळाली, पण बटण काही सापडेना, तेव्हा बायको उठली आणि त्यांच्याच दाराच्या बेलचं बटण उचकटून आणलं. म्हणाली, आपल्याकडे येणारे तसंही ओरडतच येतात.

बेल बटणासकट परत जागेवर बसली, आणि पाहणीच्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच धुकं. मॅनेजरबाई पुढं बसल्या. मागं आईला बघून त्यांनी विचारलं, की ह्या कशाला. आई म्हणाली, मी वजन आहे. बाईंना हसू आवरेना.

तो वास आला. काटा चढला. वायरमननं गाडी तशीच पुढं नेली. वळण जवळ आलं आणि बेल वाजली, एकदाच, हलकी.

मॅनेजरबाईंनी वळून बघितलं. आईचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. वायरमननं गाडी अदबीनं थांबवली आणि वाट बघितली. गाडीचा मागचा भाग किंचित वर उचलला गेला... कुणी उतरल्यावर उचलला जातो तसा. मॅनेजरबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या समोर बघत बसल्या. मग गाडी सुरू झाली आणि सगळा चढ अशी चढली, जशी पाण्यावरून होडी.

वर पोचल्यावर बाई उतरल्या, पदर सारखा केला आणि एवढंच बोलल्या, "नोकरी पक्की. आणि ती बेल... ती काढू नका."

तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. रोग्यांना वायरमन सांगायचा की वळणावर मोटर जरा श्वास घेते, आणि त्यांना ते पटायचं. बॅगेतले कपडे परत खुंटीवर गेले. टेकडीवर त्यांना घर मिळालं, दोन खोल्या, पुढं ओटा, आणि बायकोला ओरडायला भरपूर मोकळी हवा.

राहायला गेले ते अशाच एका धुक्याच्या सकाळी. गाडीत ट्रंका, खाट, भांड्यांचं पोतं, आणि ह्या सगळ्यावर आई. बायको आधीच वर जाऊन चूल पेटवून बसली होती. एवढं ओझं घेऊन चढ कसा चढायचा, म्हणून वायरमनचा जीव खालीवर होत होता. पण गाडी थांबली नाही की कण्हली नाही. अर्ध्या चढावर त्याच्या लक्षात आलं, की आपण पायाखालचं पेडल दाबलेलंच नाही.

दारात गाडी उभी राहिली. आई मागं तोंड करून बसलेली, साऱ्या वाटेवर मागंच बघत आलेली. ती खुशीत खाली उतरली आणि सुनेला म्हणाली, चहाला मोठं पातेलं ठेव.

सून म्हणाली, "आपण तिघंच तर आहोत. किती कप टाकू?"

"ढकलत आलेत गं बिचारे एवढ्या लांब," आई म्हणाली. "मोजत होते मी... पण धुक्यात शेवट दिसेना."