पाहुण्याच्या बशीतले पिवळे ठिपके

जिवाणू वाढवायच्या इनक्युबेटरमधल्या एकाच काचेच्या बशीला दोघांनी एकदम हात घातला.

"माझी आहे ती," ती म्हणाली.

"माझी... निदान मला तरी तसं वाटतंय."

तिनं बशी उलटी केली. खाली तिचंच अक्षर होतं. "हरलो," म्हणत तो हसला, आणि तिनं कसंबसं हसू दाबलं.

तो शेजारच्या प्रयोगशाळेतला. तिथलं छत दुरुस्त होईपर्यंत इथे आलेला, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणत. त्या दिवसापासून स्वारी तिच्याच टेबलाशी रुळली. बर्नरशेजारी बश्या उघडायच्या आणि गप्पांत रंगायचं. तिला तो आवडायला लागला होता. कामाच्या वेळी हे बरं नव्हे, एवढंच तिचं म्हणणं.

भिंतीच्या ओलीत तिला सापडलेला जिवाणू नव्या जातीचा होता. तिला वाढवणाऱ्या मावशीचं नाव ती त्याला देणार होती. पण पाहुण्यानं तळ्यातून आणलेल्या जिवाणूचे बशीतले ठिपकेही तसेच पिवळे... आणि त्याचा लेख आधीच तयार! दोन्ही जिवाणूंची जात एकच निघाली, तर लेख आधी छापणारा म्हणून नाव तो ठेवणार.

"रूपावर जाऊ नका," तो म्हणाला. "डीएनए जुळवून पाहू. साम्य पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गेलं तर जात एक, नाहीतर दोन."

स्क्रीनवर उत्तर आलं — शंभर टक्के.

तो तिच्याकडे वळला. "मी लेख मागे घेतो. नाव तुमच्या मावशींचंच राहू दे."

मग तिनं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"थांबा... डीएनएच्या एका अक्षराचाही फरक नाही? सख्खी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात! हा तळ्यातला नाहीच. माझाच उडून तुमच्या बशीत पडलाय. झाकण कुठे असतं तुमचं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "अशी चूक मी कधीच केली नव्हती. पण तुम्ही बोलायला लागलात की... झाकण लावायचं सुचतच नाही."

फ्रीजरमधला त्याचा मूळ नमुना तपासला. साम्य अठ्ठ्याऐंशी टक्के. दोन जाती, दोन नावं. मावशीचं नाव पक्कं झालं.

त्याच आठवड्यात छत दुरुस्त झाल्याचा निरोप आला. तो बश्या गोळा करू लागला.

"तिकडे लक्ष लागेल कामात?" तिनं विचारलं.

"लागेल. तेच तर वाईट आहे."

तिनं त्याच्या हातातल्या बशीवर नीट झाकण बसवलं.

"मग काम झालं की रोज इकडे येत जा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच अरे-तुरेवर आली. "पण एकटा ये रे. बश्या तिकडेच ठेव."