नीट बुजवलेला खड्डा

"माझे वडील एकटेच गेले का, एवढंच शोधून द्या," लोर्ना ट्रेगोनिंग म्हणाली. समोरच्या चहाला तिने हातही लावला नव्हता.

एडिथ रूल पोलिसातून निवृत्त होऊन खासगी तपास करायची. तिच्यासोबत तिचा मेहुणा नॉर्म असे. त्याने जन्मभर बेकरी चालवली होती.

"डॉक्टर म्हणतात हृदयविकार," नॉर्म म्हणाला. "मग शोधायचं काय?"

"दोन दिवस ते घळीत पडून होते. बाटलीतलं पाणी तसंच होतं. जवळ कुणी असतं तर घोटभर पाजलं असतं ना? तीन आठवडे मी हाच विचार करतेय."

तिने वडिलांच्या वस्तू टेबलावर ठेवल्या. जमिनीतलं सोनं शोधायचा, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला चाळीस वर्षांपूर्वीचा डिटेक्टर, हातमोजे आणि छोटी कुदळ. एडिथने कुदळीच्या पात्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ.

"धुतलीस?"

"नाही. पोलिसांनी दिलं तसंच आहे सगळं."

"ते गेले त्याच्या आदल्या दिवशी पाऊस होता?"

"दिवसभर. घळीत नुसता चिखल होता."

घळीच्या फाटकाला कुलूप असे. किल्ल्या तिघांकडेच होत्या. कीथ ट्रेगोनिंग, सोनं शोधण्यातला त्याचा तीस वर्षांपासूनचा जोडीदार डेस हॉकिंग आणि डिटेक्टरचा दुकानदार रे स्पार्गो.

कीथ सापडला त्या झाडाभोवती जागोजागी उघडे खड्डे होते.

"हे रेचे," नॉर्म करवादला. "माझ्या कुत्रीचा पाय असल्याच खड्ड्यात मोडला. माणूस आहे की घूस?"

झाडापासून चार पावलांवर एडिथने वाळलेली पानं बाजूला केली. खालची माती भुसभुशीत होती. नॉर्मने ती उपसली आणि पालथा पडून हात आत घातला. खांदा टेकला तेव्हा कुठे बोटांना घट्ट माती लागली.

"दीड हात तरी आहे. पण बुजवलाय झकास. कीथच्याच हातचा. तो खड्डा कधी उघडा ठेवत नसे."

"बघू," एडिथ म्हणाली.

रेने दुकानात कीथचं यंत्र हातात घेतलं आणि हसला. "एक्याऐंशी साली म्हाताऱ्याने यावर एका सकाळी सोन्याचे अकरा खडे काढले होते. तेव्हा गवताखालीच पडलेले असायचे. आता वरचं सगळं संपलं. या डबड्याला वीतभर खालचं ऐकू येत नाही. खोलवरचं हवं तर नवं यंत्र लागतं. गावात दोनच आहेत. एक माझं, एक मी डेसला विकलेलं."

"त्या दिवशी कुठे होतास?"

"घळीतच, दुपारपर्यंत. कीथ दिसला नाही. आणि खड्ड्यांवरून प्रवचन नको हं. आयुष्यात एक बुजवला नाही, बुजवणारही नाही."

डेस मात्र दारातच उभा राहिला. त्या दिवशी दिवसभर घरी कुंपण रंगवत होतो, म्हणाला. लोर्ना सोबत आहे हे दिसताच त्याने मान खाली घातली.

"रेच," परतताना नॉर्म म्हणाला. "घळीत होता हे स्वतःच कबूल करतोय."

संध्याकाळी एडिथने रे आणि डेसला लोर्नाच्या स्वयंपाकघरात चहाला बोलावलं.

"खड्डा दीड हात खोल आहे," ती म्हणाली. "तेवढ्या खोलीवरचं कीथच्या यंत्राला ऐकू येणं शक्य नाही. म्हणजे नवं यंत्र घेऊन कुणीतरी तिथे होतं."

नॉर्मने रेकडे पाहिलं.

"कीथला दुसऱ्यांचे खड्डे बुजवायची सवय होती," रे घाईने म्हणाला. "माझे कितीदा बुजवले त्याने. हाही बुजवला असेल."

"त्याच्या कुदळीला आणि हातमोज्यांना चिखलाचा ठिपकाही नाही. त्याने त्या दिवशी मातीला हात लावला नाही. मग चिखलात दीड हात खणून, पुन्हा बुजवून, वर पानं कुणी पसरली? तू तर नाहीस, रे. तुझा आळसच तुझा साक्षीदार आहे. उरला खड्डे बुजवायला कीथनेच शिकवलेला माणूस, डेस."

डेसने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत अंगठ्याएवढा सोन्याचा खडा होता.

"त्याच्याच अकरा खड्यांच्या जागेखाली निघाला," तो म्हणाला. "त्याने हातात घेऊन पाहिला, मला परत दिला आणि छातीला हात लावून खाली बसला. तिथे फोन लागत नाही. म्हटलं, धावत जाऊन गाडी आणतो. तर म्हणाला, आधी खड्डा बुजव, कुणाचा पाय मोडेल."

"आणि तुम्ही बुजवत बसलात, डेसकाका?" लोर्नाने विचारलं.

"तीस वर्षं तो सांगेल ते केलं, पोरी. दहा मिनिटं लागली. वळून पाहिलं तर संपला होता. सोन्यापायी मारलं म्हणतील म्हणून पळालो. दोन दिवस त्याला तिथे टाकलं मी."

लोर्नाने तो खडा बोटाने दूर सारला.

"त्या दहा मिनिटांत तुमची पाठ होती त्यांच्याकडे?"

"हो."

"काही बोलले?"

"एकदा. नीट दाब, म्हणाला."

"मग?"

डेसने टेबलावरचा रुमाल उचलला.

"मग मी नीट दाबलं."

लोर्नाने थंड झालेला चहा ओढून घेतला आणि एका दमात पिऊन टाकला.