बिनफवारणीची वेल

वडिलांच्या वेलीवर ताईने कधी औषध मारलं नव्हतं. आजूबाजूच्या मळ्यांत भुरी आली की घडांवर राखेसारखा थर चढायचा. हिच्या मांडवाखाली मात्र पानन् पान लखलखीत. मणी खायला गोड, आणि वाइन अशी, की गिऱ्हाइकं वर्षभर आधी सांगून ठेवायची. वडिलांची अट एकच होती: द्राक्षं कुणालाही द्या, काडी कुणाला नको. म्हणून छाटलेल्या काड्या मळ्यातच जाळायच्या. यंदा ताईची कंबर धरली आणि ते काम धाकट्या भावाने मागून घेतलं.

नवी पानं फुटली आणि त्यांच्यावर भुरी आली.

ताईने आयुष्यात पहिल्यांदा गंधक फवारलं. डाग देठांवर उतरले. मग करपा आला, मग सालीखाली काळी बुरशी. कृषी अधिकाऱ्याने पान उलटंपालटं करून पाहिलं. यातला एक रोग या भागात नाहीच, तो म्हणाला. फक्त पलीकडचा नर्सरीवाला रोपांची परीक्षा घ्यायला मुद्दाम पाळतो.

ताई तशीच नर्सरीत गेली. काचेच्या घरात सडक्या वेलींच्या मधोमध कुंड्यांच्या रांगा होत्या. घरचं माणूस पाठमोरं ओळखावं तसं तिने आपल्या वेलीचं पान ओळखलं. रोज त्यांच्यावर रोग सोडत होते. ठिपका एकावरही नव्हता. नर्सरीवाला तिच्या भावाचं तोंडभर कौतुक करत होता.

भावाने नाकारलं नाही.

"जाळायच्याच होत्या ना? राखेचं काय लोणचं घालणार होतीस?"

"त्यांचं सगळं दुखणं आपल्या वेलीवर उतरतंय. ती रोपं उपटायला सांग."

"ताई, वेल म्हातारी झालीय."

"काम मागून घेतलंस तू माझ्याकडून."

तो हसला. लहानपणी खोटं पचलं की हसायचा, तसाच.

रोपं राहिली. वेल वाळली. ताईने स्वतः करवत चालवली. आत ओल नव्हती, नुसता भुसा. आता त्या रोपांची पाळी, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

काही दिवसांनी भाऊ बाटली घेऊन आला. खुशीत होता.

"मी उगाच घाबरलो. वेल गेली तरी रोपं ठणठणीत. पुढच्या वर्षी दुप्पट लावतोय."

ताईने ग्लास मांडले.

रोग अजून सोडतात का, तिने विचारलं.

"रोज. उलट वाढवलाय."

तिने बाही खाली ओढली. मनगटावरचा राखाडी थर तिने सकाळी दोनदा धुतला होता. आता तो कोपराच्या वर गेला होता.