दौलतरावांसमोरची खुर्ची

दुधाची पिशवी उचलायला सोनलनं दार उघडलं आणि समोरच्या दाराखालून आलेली लाल रेघ तिला दिसली.

आधी वाटलं, भिलाईच्या स्टील प्लांटची धूळ असेल. सेक्टर सहामध्ये दोरीवरचे पांढरे कपडेसुद्धा संध्याकाळपर्यंत लालसर होतात. कोणी पाणी सांडलं की जिन्यात असेच ओघळ उतरतात. ती वाकली. धुळीला असा वास नसतो.

मागे तिच्या लहानग्या टीनाच्या पावलांचा आवाज आला. सोनलनं आधी आपलं दार ओढून बाहेरून कडी लावली. मगच समोरचं दार वाजवलं.

"काका? दौलतकाका?"

दार नुसतं लोटलेलं होतं.

दौलतराव खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. गंजी छातीपासून कमरेपर्यंत भिजलेली. हनुवटीखाली एक बारीक चीर. नाकाखाली रक्त, ओठांवर रक्त, उशीवर रक्त. प्लांटमधून रिटायर झालेला हा विधुर माणूस कालपर्यंत तिला जिन्यात हटकायचा, "काय ओ सूनबाई, पोरगी जेवली काय?"

खाटेसमोर हातभर अंतरावर एक खुर्ची होती. स्वच्छ. तिच्यावर एक थेंब नव्हता.

सोनल ओरडली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून तिनं खाली हाक मारली. "काकू, लवकर वर या."

खालच्या क्वार्टरमधल्या प्रेमलाकाकू पदराला हात पुसत आल्या. दारात उभ्या राहिल्या. सोनलनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. काकूंनी नाही फिरवलं. दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघत राहावं, तशा त्या बघत होत्या.

"त्यानंच माह्या पोरीचं, नीतूचं लगन जमवलं होतं," त्या म्हणाल्या. "घरचाच माणूस." मग सोनलला जवळ घेतलं. "चाल. पोरगी आत एकटी हाय."

इन्स्पेक्टर कमलेश जवळच्याच अहिवारा गावचा. ठाण्यात हिंदी, घरी मराठी. सोनलचा उच्चार ऐकून तो मराठीवर आला.

"काल कोन कोन आलं होतं वर, मॅडम?"

"सकाळी सुशीलदादा, त्यांचा मुलगा. भिलाई-तीनला असतात, रेल्वेत. दर रविवारी येऊन काकांची दाढी करून देतात. काकांचा हात थरथरतो ना."

"वस्तऱ्यानं?"

"हो. काकांना ब्लेडची दाढी आवडायची नाही."

"भांडण?"

भांडण झालं होतं. सुशील म्हणत होता, इथं एकटे नका राहू, माझ्याकडे चला. दौलतराव म्हणत होते, तुझ्या बायकोच्या हातचं खायला? आवाज जिन्यात आले होते.

"झालं होतं," ती म्हणाली. "पण तसं नाही."

"कसं, ते आमी पाहू. त्याच्यानंतर कोन आलं?"

"अनोळखी कोणीच नाही. मी लक्ष ठेवून असते. कौस्तुभ, माझे मिस्टर, दल्ली-राजहराला खाणीवर असतात. घरी मी आणि मुलगीच. जिन्यात पाऊल वाजलं की मी बघतेच."

कमलेशनं मान हलवली. आतून हवालदारानं वस्तरा आणला होता. दुपारपर्यंत सुशीलला उचललंही.

जिन्यातून नेताना तो सोनलकडे बघून म्हणाला, "वहिनी, हनुवटी जराशी कापली होती. तुरटी लावली, रक्त थांबलं होतं. मी उभ्यानं दाढी करतो, हे पोलीस म्हणतात, मी समोर बसून पाहत होतो."

पोलिसांनी पंचनामा संपवून दार लावलं, तरी बाहेर आलेली रेघ तशीच होती. सोनलनं फडकं घेतलं. सकाळपासून दुपार झाली होती. उकाडा होता. तरी रक्त फडक्याला पाण्यासारखं लागलं. भाजी चिरताना कापलेल्या बोटाचं रक्तसुद्धा जेवण होईस्तोवर खपली धरतं. हे का धरलं नसेल?

तिनं हात तीनदा धुतले.

ते दोन दिवस तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. समोर पोलिसांचं कुलूप. फोनवर कौस्तुभ म्हणायचा, "तू दार लावून बस, मी सुट्टी मागितली आहे." सुट्टी मिळत नव्हती. संध्याकाळी ड्यूटीवरून सुटलेल्या सायकली खालच्या रस्त्यानं जायच्या, घंट्या वाजायच्या, पण एकही तिच्या जिन्याशी थांबायची नाही. बोलायला होत्या त्या फक्त काकू.

काकूच टीनाला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या. त्यांचा नातू अंकुर सिकलसेलनं गेला होता. त्या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मुलं दुखण्यानं किंचाळतात. आईबाप दोघांच्या रक्तात ते असलं, तर मुलाला होण्याची भीती. अंकुर गेल्यावर नीतूनं आईचा फोन घेणंच सोडलं. काकू मग सिकलच्या शिबिरांत मदतीला जाऊ लागल्या. काचपट्टीवर थेंब पसरला की डॉक्टरांच्या आधी त्याच वाकून बघत.

एकदा सोनलचं बोट कापलं, तेव्हा काकूंनी ते उजेडात धरलं होतं. "छान हाय तुह्यं रक्त. गोल दाने असतील." सोनल हसली होती. दुःखी माणसाचं काही मनावर घ्यायचं नसतं.

टीनाच्या पोटऱ्यांवर निळे डाग दिसत होते. पडली असेल कुठं, असं सोनल स्वतःला सांगत होती. बुधवारी दुपारी टीनाचं नाक फुटलं.

रुमाल भिजला. दुसरा भिजला. डोकं मागे, डोकं पुढे, गार पाणी, काहीच लागू पडेना. सोनल पोरीला उचलून खाली धावली.

काकूंनी दार उघडलं. टीनाच्या ओठांवरून ओघळणारी धार पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला, की सोनलला वाटलं, आता याच पडणार.

"इनं काय खाल्लं?" त्या म्हणाल्या. "सांग लवकर, काय खाल्लं?"

"नेहमीचंच. वरणभात."

"रिक्षा बोलाव. डॉक्टरले सांग, के व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्या म्हना. बाकीचं मंग पाहा म्हना. के. ध्यानात ठेवजो."

रिक्षात पूर्ण वेळ काकूंनी टीनाचं नाक दाबून धरलं होतं. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि त्या तिकडे बघत नव्हत्या. पहिल्यांदाच.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरणीनं सोनलचं ऐकलं, रक्त तपासायला पाठवलं आणि इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"बाळ ठीक होईल. काही दिवस ठेवावं लागेल. घरात उंदराचं औषध आहे का?"

"नाही. मुलगी लहान आहे, मी फिनेलसुद्धा वर ठेवते."

"मग कुठून तरी पोटात गेलंय. त्यानं रक्त गोठतच नाही. बारीक जखम पण वाहत राहते, आतल्या आत पण. चार-सहा दिवस काही कळत नाही, मग एकदम. तुम्हाला के चं कोणी सांगितलं? नेमकं तेच लागत होतं."

सोनलनं बाकावर बसलेल्या काकूंकडे पाहिलं. ती आत गेली. टीना सुजलेल्या डोळ्यांनी तिचा लाकडी बैल कुशीत घेऊन पडली होती. तो घेतल्याशिवाय ती रिक्षात चढली नव्हती.

"बाळा, कोणी खाऊ दिला होता तुला?"

"काकाआजोबांनी. बोजारा."

सोनलच्या लक्षात आलं. मागल्या आठवड्यात तान्हा पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल ओढत दारोदार जातात, घरचे त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. कोणी पैसे, कोणी खाऊ. टीना समोरच्या दारी गेली होती. तिथून मूठभर खाऊ घेऊन आली असेल. आईनं गोड बंद केलंय म्हणून दाखवली नसेल.

बैलाच्या पाठीवरच्या झुलीखाली शिवलेल्या पिशवीत गूळ घालून तळलेल्या दोन खुरम्या उरल्या होत्या.

सोनलनं त्या रुमालात बांधल्या आणि कमलेशला फोन लावला.

तो आला, तेव्हा प्रेमलाकाकू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हात धुतले नव्हते.

"सुशीलदादांना सोडा," सोनल म्हणाली. तिनं रुमाल त्याच्या हातात ठेवला. "त्यांनी कापलं खरं. पण काका वस्तऱ्यानं गेले नाहीत. त्यांच्या नाकातून, तोंडातून पण रक्त होतं. दुपारपर्यंत ते थिजलं नव्हतं, मी स्वतः पुसलं. ते रक्त आधीच बिघडवलेलं होतं. खाण्यातून. या खुरम्या तपासा."

"दौलतरावानं पन ह्याच खाल्ल्या? त्याले कोन करून देत होतं?" कमलेशनं विचारलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, अनोळखी कोणी आलं नाही. खरंच नव्हतं आलं. रविवारी संध्याकाळी काकू डबा घेऊन वर गेल्या. रोजच जायच्या, जेवण, खुरम्या, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांचं पाऊल मला ओळखीचं, म्हणून मी ते धरलंच नाही." तिनं श्वास घेतला. "वस्तरा चालवणारा माणूस समोर खुर्ची ओढून बसत नाही. बसतो तो बघणारा. आणि टीनाला काय झालंय हे डॉक्टरांना कळायच्या आधी फक्त एकाच माणसाला कळलं. ज्यानं ते कालवलं त्याला."

कमलेश बाकाकडे वळला. "काकू?"

प्रेमलाकाकूंनी मान वर केली नाही.

"तो एकटा खात होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या दारी कोनी येत नव्हतं. पोळ्याचं माह्या ध्यानातच नाई आलं. अंकुर गेल्यावर मी पोळा केलाच नाई."

"कावून केलं?"

"जावयाच्या घरी सिकल हाय, हे त्याले मालूम होतं. त्यानं आपल्या सुशीलसाठी तीच सोयरीक अगोदर पाहिली होती, जावयाच्या बहिनीची. तपासलं, निघालं, सोडून देल्ली. अन् माह्या नीतूले त्याच घरी उजवलं. आमी इचारलं, तर म्हने, मी पाहून घेतलं, बेफिकीर राहा. माहा नातू रात्र-रात्र हाडं धरून रडे. डॉक्टरनं मले त्याचं रक्त दाखवलं काचेतून. सगळे दाने वाकडे." त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "मले दौलतरावाचं पाहाचं होतं. चांगलं रक्त होतं त्याचं. ते वाहताना मले समोर बसून पाहाचं होतं. त्यानं पानी मांगतलं, मी देल्लं. बोललो पन आमी."

"काय बोलला तो?"

"म्हने, प्रेमला, हे थांबून कावून नाई राहिलं? मी म्हटलं, अंकुर पन असाच इचारे."

लांब कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजली.

"मग शांत वाटलं काय?" कमलेशनं हळू विचारलं.

"घरी आली, हात धुतले, नीतूले फोन लावला. तिनं नाई घेतला."

हवालदार बाई आली. काकू उठल्या. दोन पावलं गेल्यावर वळल्या, आणि रोज संध्याकाळी पोरीचं सांगताना असायचा तसाच त्यांचा आवाज होता.

"सकाळी तिचं रक्त परत तपासाले सांगजो. एक डाव चांगलं आलं म्हनून घरी नको नेऊ. इसरशीन."

"हो काकू," सोनल म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत ती भिंतीला धरून उभी राहिली. पोरीला मारायला निघाल्या नव्हत्या. पोरीला वाचवायला त्यांनी स्वतःला पकडून दिलं. तरीही जे झालं ते झालं होतं, आणि ते कुणाजवळ बोलायचं तर ती एकच बाई होती.

आत टीना झोपली होती. नाकात कापूस होता, कोरडा. सोनलनं कौस्तुभला फोन लावला. खाणीत रेंज नव्हती.

नर्स सलाईन बघायला आली.

"ताई, रात्रीला तुमच्याजवळ कोन थांबनार? तुमी खाऊन-बिऊन येसान, तेवढ्यात पोरीजवळ कोनी पाह्यजे ना."

सोनलनं दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच आहे."